आधी सातवी पुस्तिका

वहिनींचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. बावीस वर्षांपूर्वी त्या पत्र्याच्या कारखान्यात लागल्या तेव्हा त्यांचा नवरा तिथे रिव्हेट मारायचा, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. पुढे नवरा कारखाना सोडून मालाची गाडी चालवायला लागला. वहिनी मात्र राहिल्या आणि त्यांचं वहिनीपणही राहिलं. वीस वर्षांनी थोरले असलेले मालकसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे.

कारखाना डक्टचा. मोठ्या इमारतींत छताखालून जे पत्र्याचे जाड नळ जातात आणि खोल्याखोल्यांत हवा पोचवतात, ते इथे बनायचे. सरळ डक्टला फारशी अक्कल लागत नाही. पत्रा गुंडाळा, जोड दाबा, झालं. खरी कसोटी एल्बोची, म्हणजे वळणाची. गोल डक्ट वळवायचा तर दोन नळ तिरपे कापून एकमेकांना भिडवायचे. पण कापायचा असतो तो सपाट पत्रा, गुंडाळायच्या आधी. आणि सपाट पत्र्यावर तो तिरपा काप सरळ रेघेसारखा दिसत नाही. तो लाटेसारखा दिसतो; दोन्ही कडांना वर आलेला, मध्ये खाली गेलेला. ती लाट बरोबर आखली तर एल्बो असा बसतो की जोडात नख शिरत नाही. चुकली तर सगळा पत्रा भंगारात.

ही लाट आखण्याचं काम इतकी वर्षं थोरल्या मिस्त्रींकडे होतं. आखायचे म्हणजे काय, भिंतीवर खिळ्यांना पत्र्याचे फर्मे टांगलेले होते, नव्वद अंशांचे, साठांचे, पंचेचाळिसांचे, तिसांचे. हवा तो काढायचा, पत्र्यावर ठेवायचा, कडेने सुई फिरवायची. फर्मे कुणी आणि कसे बनवले हे मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. ते वसंत ऋतूत निवृत्त झाले आणि आखणीचं टेबल रिकामं पडलं.

"वहिनी, तुमच्याइतका हात इथे कुणाचा नाही," मालक म्हणाले. "डोळे मिटून कापता तुम्ही. पण आता नियम आलाय. आखणीला जो बसेल त्याच्याकडे गणिताचं प्रमाणपत्र पाहिजे. नाहीतर आपलं काम पास होत नाही."

शाळा त्यांनी चौदाव्या वर्षी सोडली होती, आणि सोडताना दुःख झालं नव्हतं ते फक्त गणितामुळे. पण टेबलाचा मोह मोठा होता. रविवार सकाळचा वर्ग होता, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. वहिनींनी नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. सडपातळ, नाकावर चष्मा, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याखाली पट्टीने रेघ मारलीय. अभ्यासक्रम नऊ पुस्तिकांचा. पहिल्या दिवशी बाईंनी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं.

"सगळ्या पुस्तिका त्यात आहेत. एकीची परीक्षा पास झालात की दुसरी मिळेल. तोवर नाही. पन्नासपैकी पस्तीस. गणित म्हणजे भिंत आहे. खालची वीट हलली की वरची येणारच डोक्यात."

वहिनी पहिल्या पुस्तिकेतून कशाबशा पार पडल्या. दुसरीत मात्र गाडी रुतली ती रुतलीच. दुसरीत अपूर्णांक होते आणि उणे संख्या होत्या. अपूर्णांकांचं त्यांना काही वाटलं नाही, पत्र्यात रोज अर्धा-पाव चालतो. पण उणे! उणे तीनातून उणे पाच वजा केले तर अधिक दोन कसे येतात? जे मुळात नाहीच, त्यातून नसलेलंच आणखी काय काढून घ्यायचं? बाईंनी थर्मामीटर काढून दाखवला, लिफ्टचे तळघरातले मजले काढून दाखवले. वहिनी मान डोलवायच्या आणि परीक्षेत माती खायच्या. पहिल्यांदा एकवीस, दुसऱ्यांदा चोवीस.

"प्रगती आहे," नवरा म्हणाला.

"या चालीने पास होईपर्यंत पत्र्याला गंज चढेल," वहिनी म्हणाल्या.

आणि अशातच ते काम आलं.

एका पोहण्याच्या तलावाचं मोठं सभागृह. छत तिरकं, म्हणून डक्टही तिरका फिरणार. सहाशे मिलीमीटर व्यासाचा गोल डक्ट आणि चौदा एल्बो, प्रत्येक पन्नास अंशांचा. पन्नास! भिंतीवरचे फर्मे एकदम मुके झाले. साठाचा चालेना, पंचेचाळिसाचा चालेना. मालकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शुक्रवारी जाहीर केलं, "बुधवारपर्यंत काही सुचलं नाही तर एल्बो बाहेरच्या कारखान्याकडून करून घेऊ."

वहिनींना ते फार लागलं. बावीस वर्षांत एल्बो कधी बाहेर गेला नव्हता.

त्या रविवारी त्या वर्गात गेल्या तर बाई कपाटाशी झटापट करत होत्या. दार अडकलं होतं. किल्ली फिरत होती, पण दार जागचं हलत नव्हतं. दोन विद्यार्थी ओढून ओढून थकले होते.

"सरका जरा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, जसं डॉक्टर नाडी बघतो. "वरची बिजागरी बसलीय. पत्रा वाकलाय इथे." पिशवीतून त्यांनी छोटा हातोडा काढला (तो त्यांच्या पिशवीत असायचाच, जसा इतरांच्या पिशवीत कंगवा), तीन टोले दिले, दाराला खालून गुडघा लावला आणि दार असं उघडलं की वरच्या खणातल्या पुस्तिका धबाधबा खाली आल्या.

वहिनी त्या गोळा करायला वाकल्या. एक पुस्तिका उताणी पडली होती, पान उघडं. वहिनींचा हात तिथेच थांबला.

पानावर चौकटींचा कागद छापला होता आणि त्यावर एक लाट होती. वरून निघालेली, खाली गेलेली, पुन्हा वर आलेली.

"हा तर फर्मा आहे," वहिनी म्हणाल्या.

"काय?" बाई म्हणाल्या.

"एल्बोचा फर्मा आहे हा! बाई, हे मी रोज कापते! बावीस वर्षं कापतेय! हे तुमच्या पुस्तकात कसं आलं?"

बाईंनी चष्मा सरळ करून पान पाहिलं. "वहिनी, हा कोसाइनचा आलेख आहे. पुस्तिका सात. त्रिकोणमिती. तुमच्यापासून पाच पुस्तिका पुढे."

"पुढे असू दे नाहीतर मागे! मला ही द्या."

"देता येणार नाही. तुमची दुसरी राहिलीय."

वहिनी उभ्या राहिल्या. पुस्तिका त्यांनी छातीशी धरली होती, एखादीने हरवलेलं मूल धरावं तशी. "बाई, बुधवारी आमचे एल्बो बाहेर चाललेत. मला फर्मा पाहिजे पन्नास अंशांचा. आणि तो या पानात आहे, मला दिसतोय तो."

बाकीचा वर्ग वह्या विसरून बघत बसला होता. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे एक विद्यार्थी होता. हुशार. त्याच्या हट्टापायी मी त्याला दोन पुस्तिका गाळू दिल्या. पुढे एका पानावर तो असा आपटला की त्याला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. पुन्हा वर्गात आला नाही. तेव्हापासून मी हे कपाट बंद ठेवते."

"मी आपटले तर दर रविवारी कपाट दुरुस्त करायला येईन," वहिनी म्हणाल्या. "येणं काही सोडणार नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. "इथेच बसून वाचा. दहा मिनिटांत स्वतःच परत द्याल."

दहा मिनिटं गेली. तास गेला. वर्ग संपला, बाकीचे घरी गेले. वहिनी हलल्या नाहीत. निम्म्या ओळी डोक्यावरून जात होत्या; जिथे शब्द नडला तिथे त्या बोट ठेवून विचारायच्या. टॅन म्हणजे? त्रिकोणाची उंची भागिले पाया. म्हणजे चढ किती खडा ते? हो, तेच. हे शून्य पूर्णांक आठशे सहासष्ट काय आहे? कोन तीस असताना कोसाइन.

"पण बाई, वर्तुळावरून फिरताना लाट कुठून येते, हे यात लिहिलेलं नाही."

"लिहिलंय की. वर्तुळावरचा बिंदू फिरतो, त्याची उंची..."

"असं नाही. थांबा." वहिनींनी खोलीत नजर फिरवली. भिंतीला टेकून तक्त्याच्या जाड कागदाचा गुंडाळा उभा होता. "हा घेऊ?"

आणि बाई हो म्हणायच्या आत त्यांनी पिशवीतून पत्रा कापायची कात्री काढून तो गुंडाळा तिरपा कापला. कचकन. मग गुंडाळ्याचा बाहेरचा एक वेढा सोडवला आणि टेबलावर पसरला.

लाट. पानावरच्यासारखीच.

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी कागदाच्या कडेवरून नजर फिरवली. अडतीस वर्षं त्यांनी ही लाट फळ्यावर काढली होती, बिंदू बिंदू जोडून, शेकडो वर्गांत. "गुंडाळा कापायचं मला कधी सुचलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली पट्टीची रेघ पार पुसली गेली होती. "वहिनी, तुमच्या त्या एल्बोत काप किती तिरपा घेता?"

"वळणाच्या निम्मा. नव्वदाचं वळण असेल तर पंचेचाळीस. दोन्ही नळ अर्धा अर्धा भार उचलतात."

"म्हणजे पन्नासाला पंचवीस!" बाईंनी खडू उचलला. "आणि पंचविसाचा टॅन घ्यायचा, त्याला नळाच्या त्रिज्येने गुणायचं... ती झाली लाटेची सगळ्यात मोठी उंची. मग जागोजागी कोसाइनने गुणत जायचं!"

दोघी फळ्यापाशी अशा उभ्या होत्या की वाचनालयाचा शिपाई दोनदा येऊन किल्ल्या वाजवून गेला. कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंना डक्ट माहीत नव्हता, वहिनींना त्रिकोणमिती माहीत नव्हती, आणि दोघींच्या अर्ध्या अर्ध्या ज्ञानातून एक सूत्र उभं राहिलं.

"पुस्तिका घेऊन जा," बाई म्हणाल्या. "बुधवारी काय झालं ते मला कळवा. नाही, मीच येईन."

घरी गेल्या गेल्या वहिनींनी जेवणाच्या टेबलावर कागद अंथरला. आधी नव्वदाचा फर्मा गणिताने काढून बघायचा, असं त्यांनी ठरवलं. तो तर त्याच मापाचा भिंतीवर आहेच. ताडून बघता येईल. नळाची त्रिज्या तीनशे, पंचेचाळिसाचा टॅन एक. परिघाचे बारा भाग केले, प्रत्येक भागावर एक उभी रेघ. पुस्तिकेतल्या तक्त्यातला कोसाइनचा आकडा घ्यायचा, तीनशेने गुणायचा, तेवढी उंची रेघेवर मोजायची. तीनशे. दोनशे साठ. दीडशे. शून्य. मग तक्त्यात आकड्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ होती. वहिनींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दीडशे, दोनशे साठ, तीनशे.

बिंदू जोडले आणि त्यांचा चेहरा उतरला. लाट खाली गेलीच नाही. रेघेला टेकून पुन्हा वर चढली. एकाऐवजी दोन फुगवटे. असा एल्बो या जगात कुणी पाहिला नव्हता.

सासूबाई शेजारच्या खोलीतून आल्या. त्यांचं सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. आता डोळे अधू झाले होते, पण कापलेल्या कागदाचा वास आला की त्या आपोआप उठायच्या. त्यांनी टेबलावर वाकून पाहिलं.

"बाही कापतेस होय गं?"

"बाही नाही हो, एल्बो."

"मला सांगू नकोस. बाहीच आहे ही. पण कुणाची गं? एका हाताला दोन खांदे असलेल्याची?" आणि स्वतःच्याच विनोदावर त्या खो खो हसल्या.

"तेच कळत नाहीये! पुस्तकात आकडे असेच दिलेत. मला ठाऊक आहे, हे चूक आहे. कुठे चुकलं ते सापडत नाही."

"अगं, बाहीचा गोलवा खांद्याला वर येतो आणि काखेला खाली उतरतो. मधली रेघ असते ना, तिच्या खाली. खाली उतरली नाही तर हात कसा हलणार?"

मधल्या रेघेच्या खाली. वहिनींनी तक्ता पुन्हा ओढला. आकड्याआधीची ती छोटी आडवी रेघ. ती छपाईची रेघ नव्हती. ते उणे होतं.

"खाली!" त्या ओरडल्याच. "उणे म्हणजे खाली! उणे दीडशे म्हणजे रेघेच्या खाली दीडशे!"

"मग मी काय सांगत्येय," सासूबाई म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात शिंपीण आणि चालली पुस्तक वाचायला."

वहिनींनी त्यांच्या गालाचा मुका घेतला. मग उणे आकडे रेघेच्या खाली मांडले, आणि लाट एका दमात खाली उतरली, तळाला गेली, पुन्हा वर आली. तशाच त्या उठल्या आणि दुसरी पुस्तिका शोधून काढली, जी त्यांनी रागाने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दडपली होती. उणे तीन वजा उणे पाच. रेघेच्या तीन खाली एक खूण, पाच खाली दुसरी खूण. पाचच्या खुणेपासून तीनच्या खुणेपर्यंत यायचं तर दोन वर चढावं लागतं. अधिक दोन! एवढंच होतं? थर्मामीटर आणि लिफ्ट मिळून चार महिन्यांत जे झालं नाही, ते एका बाहीने पाव तासात केलं. त्यांनी पुस्तिकेतली सगळी गणितं तिथेच, कपडे न बदलता, सोडवून टाकली. नवरा घरी आला तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता आणि बायको आणि आई दोघी कागदाची बाही एका रिकाम्या डब्याला गुंडाळून बघत होत्या.

सोमवारी वहिनी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचल्या. कागदाचा फर्मा त्यांनी भिंतीवरच्या नव्वदाच्या जुन्या फर्म्यावर ठेवला. कडेला कड लागली. टोकाला टोक. केसभरही फरक नाही. कुणी, कधी, कुठे बनवलेला तो फर्मा, आणि टेबलावर गुणाकार करून काढलेला हा कागद, दोघे एकाच मुशीतून पडावेत असे एकावर एक.

"मालक!" त्यांनी अशी हाक दिली की मालक पळत आले, कुणाचा हात कापला असं समजून.

मग पन्नासाचा. पंचविसाचा टॅन शून्य पूर्णांक चारशे सहासष्ट, गुणिले तीनशे: एकशे चाळीस. मग एकशे एकवीस, सत्तर, शून्य, आणि पुढे तेच आकडे रेघेखाली. पुठ्ठ्यावर आखलं, कापलं, गुंडाळलं. असे दोन नळ केले आणि भिडवले. काम थांबवून सगळे भोवती जमले होते. मालकांनी स्वतः कोनमापक लावला आणि तो शेजारच्या कामगाराकडे दिला, त्याने पुढच्याकडे. पन्नास. सगळ्यांना पन्नासच दिसले.

"पत्रा काढा," मालक म्हणाले.

बुधवारी बाई आल्या तेव्हा दहा एल्बो रांगेत उभे होते आणि अकराव्यावर वहिनी कात्री चालवत होत्या. बाईंनी एका एल्बोच्या जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. त्या आवाजात, पत्र्याच्या त्या खणखणाटात त्यांना ओरडून बोलावं लागलं, "चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी! कोसाइनला आज पहिल्यांदा हात लावला!"

आता इथे गोष्ट संपवली तर वहिनींनाच पटणार नाही, कारण पुढच्याच महिन्यात त्या सपशेल आपटल्या.

झालं असं की दुसरीच्या परीक्षेत त्यांना शेहेचाळीस मिळाले, सातवीत एक्केचाळीस, आणि त्यांना पंख फुटले. त्यांनी थेट आठवी मागितली. आठवीत शंकू होते, आणि कारखान्यात मोठ्या डक्टमधून छोट्यात उतरणारे निमुळते तुकडे लागायचेच. बाईंनी आढेवेढे न घेता पुस्तिका दिली. तिसऱ्या पानावर वहिनी थांबल्या. तिथे सूत्राची उलटापालट होती. जे हवं ते एका बाजूला आणायचं, बाकीचं पलीकडे ढकलायचं. ते चौथ्या पुस्तिकेत होतं. यावेळी कुठली बाही मदतीला आली नाही. दोन आठवडे त्या हातापायांनी लढल्या, एक निमुळता तुकडा अंदाजाने कापला आणि तो मोठ्या डक्टवर टोपीसारखा डुगडुगत बसला. मालकांनी तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिला. सगळे हसले, वहिनीही हसल्या, पण त्या रात्री घरी त्यांनी आठवी उघडली नाही.

रविवारी त्यांनी आठवी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"भिंत डोक्यात आली," त्या म्हणाल्या.

बाईंकडे बोलायला भरपूर होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "किती लागलं?"

"फार नाही. चौथी द्या."

चौथीला पुरे सात रविवार गेले. तिथे आडवाट नव्हती. तीच ती उलटापालट, रोज दहा, रोज वीस, हाताला वळण पडेपर्यंत. वहिनींना त्याचं वाईट वाटलं नाही, कारण आता त्यांना ठाऊक होतं की हे कशासाठी चाललंय. याउलट पाचवी, ज्यात वर्तुळ आणि परीघ होता, ती त्यांनी एका दुपारी हसतखेळत संपवली.

यावरून बाईंची आणि त्यांची वादावादी व्हायची. वर्ग सुटल्यावर चहाचे कप घेऊन दोघी बसायच्या.

"म्हणजे माझंच खरं," बाई म्हणायच्या. "चौथीशिवाय आठवी नाही."

"आणि सातवी? ती दुसरीच्या आधी झाली की नाही?"

"आधी कुठे? सातवी करताना तुम्हाला दुसरी शिकावीच लागली."

"लागली ना! पण सातवीनेच ती शिकवली. तुमच्या क्रमाने गेले असते तर अजून लिफ्टमध्ये अडकले असते."

बाई चहा संपवायच्या आणि पुढच्या रविवारी नवा मुद्दा घेऊन यायच्या. शेवटी एकदा त्यांनी मोठा कागद घेतला, नऊ गोल काढले आणि वहिनींना म्हणाल्या, सांगा, कुठल्याला कुठलं लागतं. दोघींनी बाण काढले. काही गोलांत चार चार बाण घुसले. नववीत, जिथे आकडेवारी होती, जेमतेम एक. बाईंनी तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. नंतर त्यांनी नियम थोडा बदलला: परीक्षा कुठलीही आधी द्या, पण अडलात तर बाण मागे जिथे नेईल तिथे जायचं, आणि लाजायचं नाही. कोण चौथीपासून सुरू करायला लागलं, कोण नववीपासून. दोघे जण आपटले आणि त्यांनी वर्ग सोडला. बाईंनी त्यांच्या घरी जाऊन एकाला परत आणलं. दुसरा आला नाही. ते त्यांना अजून डाचतं.

तलावाचं सभागृह सुरू झालं त्या सकाळी मालक वहिनींना घेऊन गेले. मोठा पंखा फिरला, आधी काहीच झालं नाही, आणि मग छताखालून, त्या चौदा वळणांतून, सरसरत हवा आली. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. वहिनी मान वर करून एकेक एल्बो मोजत होत्या आणि मालक त्यांना सांगत होते की आता खाली बघा, नाहीतर पाण्यात पडाल.

नऊही पुस्तिका संपायला एकंदर दीड वर्ष लागलं. प्रमाणपत्र घ्यायला वहिनी कार्यालयात गेल्या तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने कागद दोनदा उलटसुलट केला.

"ताई, यात चूक झालीय. तारखा बघा. सातवा भाग दुसऱ्यानंतर लगेच, आठवड्याभरात. आठवा चौथ्यानंतर, ते ठीक. पण तिसरा सगळ्यात शेवटी? तिसरा म्हणजे दशांश! दशांश न येता तुम्ही त्रिकोणमिती केलीत?"

"येत होते की. परीक्षा द्यायची तेवढी राहिली होती."

"मग असं उलटं का?"

"उलटं नाही, तसंच झालं," वहिनी म्हणाल्या. कारकुनाला समजावून सांगायचं तर कागद, कात्री आणि निदान तासभर लागला असता, आणि मागे रांग होती. तरी त्यांना राहवेना. त्यांनी खिडकीवरचा एक जुना अर्ज उचलला, नळीसारखा गुंडाळला आणि विचारलं, "तुमच्याकडे कात्री आहे?"

कारकुनाने रांगेकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि खणातून कात्री काढून दिली.